सर्व्हर सुरू झाला म्हणजे रिस्टोअर जमलं? या चुका टाळा

"डेटा फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकलं, पोस्टग्रेस सुरू झालं, काम फत्ते!" पोस्टग्रेस डेटाबेस हलवणाऱ्याकडून हे ऐकलं की मी विचारतो, "जुन्या आणि नव्या मशीनवर ग्लिबसी कुठली?" (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांची क्रमवारी तीच ठरवते.) बहुतेक वेळा समोरचा नुसता बघत राहतो.

मीही एकदा असाच बघत राहिलो होतो. डेबियन लिनक्स ९ वरचं फोल्डर जसंच्या तसं डेबियन १० वर नेलं. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, लॉग स्वच्छ. तिसऱ्या दिवशी तक्रार आली: ग्राहकाचा कोड यादीत दिसतो, पण शोधला की सापडत नाही. कुणीतरी "नसेल" म्हणून तोच कोड पुन्हा भरला आणि युनिक इंडेक्सने (दुबार नोंद अडवणाऱ्या सूचीने) तो निमूट घेतला!

दोष ग्राहकाच्या कोडमधल्या आडव्या रेघेचा. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ ने अक्षरांची क्रमवारी बदलली. आधी '११' हे '१-१' च्या आधी यायचं, आता उलट (इंग्रजी अंकांत करून बघा, दोन्ही मशीनवर सॉर्ट चालवा, अर्ध्या मिनिटाचं काम). इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. मग शोध इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेत भलत्याच फांदीवर जाणार. नुसतं रीइंडेक्स करून (इंडेक्स पुन्हा बांधून) भागेना, कारण दुबार नोंदींमुळे युनिक इंडेक्स बनेचना. इंडेक्स स्कॅनचे सगळे प्रकार बंद ठेवून दुबार नोंदी हुडकल्या, एकेक निस्तरली, तेव्हा कुठे रीइंडेक्स झालं.

पोस्टग्रेस १५ पासून अशा वेळी कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिळतो. घाईवाले काय करतात? 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' चालवून त्याचं तोंड बंद करतात. त्याने फक्त नोंदवलेला आकडा बदलतो, इंडेक्स तसाच राहतो. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. ओएस बदलत असेल तर मी सरळ पीजी-डंप काढतो, म्हणजे डेटा बाहेर काढून नव्या सर्व्हरमध्ये पुन्हा भरतो. वेळ खातो, पण इंडेक्स नव्याने बनतात. डेटाबेस अवाढव्य असेल तर फोल्डर नेतो आणि मजकुराचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही.

दुसरी माझी नावडती चूक: 'बॅकअप-लेबल' फाइल (बॅकअप कुठून सुरू झाला ते सांगणारी) उडवणे. चेकपॉइंट (जिथून डेटा सावरायला सुरुवात करायची ती खूण) सापडत नाही म्हणून सर्व्हर अडतो आणि सूचना देतो, की बॅकअपमधून रिस्टोअर करत नसाल तर ही फाइल काढून बघा. लोक 'काढून बघा' एवढंच वाचतात. अहो, तुम्ही बॅकअपमधूनच रिस्टोअर करताय! हरवलेल्या वॉल फाइल्स (डेटातल्या बदलांची नोंदवही) शोधा. ही नोंदवही पुसून नवी सुरू करणारं पीजी-रीसेटवॉल तर माझ्यासमोर कुणी टाइप करू नये; सर्व्हर उठतो खरा, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेल याची हमी संपते.

पोस्टग्रेस १४ चं फोल्डर १६ ला देऊन 'पीजी-व्हर्जन' फाइलमधला आकडा बदलणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

टेबलस्पेस (टेबलांचा डेटा ठेवायच्या वेगळ्या जागा) वेगळ्या डिस्कवर असतील तर फोल्डरात फक्त त्यांचे दुवे असतात, डेटा नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही, कितीही डोकं आपटा.

आणि एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) वॉल मोडमध्ये चालू असताना फक्त मुख्य फाइल कॉपी केलीत, तर शेजारच्या वॉल फाइलमधले ताजे व्यवहार जुन्या मशीनवरच राहिले. मशीन फॉरमॅट करण्याआधी तेवढं बघा.