विदर्भातल्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंग करायचंय? मग प्रोसेसरचा कूलर असा निवडा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आणि त्यात तो जास्त तापतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि एसी नसलेली खोली दुपारी ३८-४० ला सहज जाते, आणि आपण कूलर निवडतो तो अशा रिव्ह्यूवरून जिथे टेस्टची खोली २०-२२ डिग्रीला होती. इथेच सगळं गणित चुकतं. म्हणून रिव्ह्यूत प्रोसेसर ७८ डिग्रीला थांबला हे वाचून खूश होऊ नका, त्यातून खोलीचे २२ वजा करा. उरले ५६, आणि आपल्या कामाचा आकडा हाच आहे. कूलर हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हा फरक कमी ठेवतो.

आता पहिलं काम, थर्मामीटर घ्या आणि दुपारी ३ वाजता कॉम्प्युटर ठेवता तिथलं तापमान मोजा. डेझर्ट कूलर लावत असाल तर तो चालू ठेवून मोजा, कारण कोरड्या उन्हाळ्यात तो खोली बरीच खाली आणतो (मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही). त्या ओलाव्याने प्रोसेसरवर पाणी धरेल ही भीती सोडा, चालू पार्ट खोलीपेक्षा गरमच असतात, फक्त पाण्याचे तुषार कॅबिनेटवर येतील असा डेझर्ट कूलर समोर ठेवू नका. आलेल्या आकड्यात कॅबिनेटच्या आतल्या गरमीचे निदान ५ डिग्री मिळवा, दमदार ग्राफिक्स कार्ड असेल तर जास्तच.

मग प्रोसेसर किती वॉट खातो ते बघा, डब्यावरच्या टीडीपीवर (कंपनीने लिहिलेल्या वॉटच्या आकड्यावर) जाऊ नका. रायझन ५ ७६००एक्सचा टीडीपी १०५ वॉट लिहिलाय पण स्टॉकलाच, म्हणजे ओव्हरक्लॉक न करताच, तो १४२ वॉटपर्यंत जातो, कोअर आय५ १३६००केची टर्बो मर्यादा १८१ आहे आणि आय७ १४७००केची २५३. ओव्हरक्लॉक केलं की याच्याही वर. व्होल्टेज वाढवलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने वाढते, म्हणून शेवटचे १०० मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.

आता हिशोब. समजा एखादा कूलर १४२ वॉटला ५६ चा फरक देतो. तुमची खोली ४०, कॅबिनेटचे ५, म्हणजे प्रोसेसरला मिळणारी हवा ४५ ची. ४५ आणि ५६ म्हणजे १०१, आणि रायझन ७००० ची तापमानाची मर्यादा ९५ (इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीची १००), म्हणजे क्लॉक (प्रोसेसरचा वेग) आपोआप खाली येणार. ९० वर थांबायचं तर ४५ चाच फरक परवडतो, म्हणजे या कूलरवर साधारण ११०-११५ वॉट. याहून जास्त हवं असेल तर मोठा कूलर घ्या नाहीतर पॉवर लिमिट लावा, म्हणजे प्रोसेसरने किती वॉट खायचे ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बांधून द्या.

माझं स्पष्ट मत, १५०-१८० वॉटपर्यंत डबल टॉवर (पत्र्यांचे दोन उभे मनोरे असलेला) एअर कूलरच घ्या. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूल एके६२० सारखा. त्यात पंप नाही, बिघडणारी वस्तू एकच, फॅन, आणि तो कुठल्याही दुकानातून आणून बदलता येतो. २०० च्या वर सतत लोड असेल, रेंडरिंग वगैरे, तर ३६० एमएमचा एआयओ (पंप आणि रेडिएटर जोडूनच येणारा पाण्याचा कूलर), रेडिएटर पुढे किंवा वर. बहुतेक एआयओत पाणी ६० डिग्रीच्या आत ठेवायला सांगतात, आणि ४५ ची हवा रेडिएटरमधून जात असेल तर तिथवर पोचायला फार अंतर उरत नाही, त्यामुळे २४० एमएमचा घेऊन आपल्याकडे समाधान होत नाही.

रायझन ७००० वाल्यांनी एक लक्षात घ्या, त्यांची चिप लहान आहे आणि वरचं झाकण जाड, उष्णता तिथेच अडकते, त्यामुळे कितीही महाग कूलर लावला तरी एका हद्दीनंतर फरक पडत नाही. तिथे बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमध्ये निगेटिव्ह व्हॅल्यू देऊन व्होल्टेज उतरवलं की पैसे न घालता जास्त मिळतं, आधी ते करून बघा.

विकत घेण्याआधी उंची तपासा, एके६२० १६० एमएम आहे, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५, बऱ्याच कॅबिनेटमध्ये साइड पॅनल बसत नाही. उंच रॅम असेल तर पुढचा फॅन वर सरकवावा लागतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या जागेचं) किट डब्यात आहे का विचारा, जुन्या इंटेलची भोकं जुळत नाहीत. कॅबिनेट मात्र जाळीच्या तोंडाचंच हवं, समोर काच असलेल्यात सगळा खर्च वाया, आणि विदर्भातली धूळ बघता फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा.

बसवून झालं की दुपारीच सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) १० मिनिटं चालवा, सोबत तापमान आणि वॉट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. रात्री ११ ला केलेली टेस्ट इथे काही सांगत नाही. ९० च्या आत राहिलं तर ठीक, नाहीतर ५-१० वॉट कमी करत या. आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करा, एक मार्च ते जूनचा, एक बाकीच्या महिन्यांचा, डिसेंबरमध्ये तोच कूलर बराच वरचा क्लॉक पेलतो.