रोजची वही आणि तिचा ठसा: पार्सल वाटणाऱ्यांनी ब्लॉकचेन कशी वापरावी

सुरुवात रेट कार्डापासून करा, पार्सलांच्या नोंदी नंतर. एका पार्सलाचे किती रुपये, परत आलेल्याचे किती, किती डिलिव्हऱ्यांवर इन्सेंटिव्ह, हे ॲपमध्ये जिथे दिसतं त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट आजच काढा. दर बदलला की जुनी स्क्रीन शोधून सापडत नाही.

मी नाशिकला सातपूर-अंबडच्या बाजूला सहा वर्षं पार्सल वाटतेय. एका दिवाळीच्या आठवड्यात आमच्या हबवर (जिथून पार्सलं उचलतो त्या गोदामावर) स्कीम लागली: रोज ६० डिलिव्हऱ्या, सलग सहा दिवस, की वरचे १,५०० रुपये. सहाही दिवस मी ६०च्या वर गेले. एके दिवशी पाथर्डी फाट्यावर गाडी पंक्चर झाली, तरी ६१ करूनच घरी आले. पैसे जमा झाले तेव्हा त्यात १,५०० नव्हते आणि ॲपमध्ये स्कीम ६५ची दिसत होती. पहिल्या दिवशीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. तो दाखवला तर हबवरचे साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, असा फोटो आजकाल कुणीही बनवतं." मला फार लागलं ते. पण रात्री विचार करताना कळलं की उत्तर माझ्याकडेही नव्हतं. हा फोटो त्याच दिवशीचा आहे, नंतर बनवलेला नाही, हे मी कशावरून सांगणार?

या एका प्रश्नाचं उत्तर ब्लॉकचेन देते, आणि आपल्या धंद्यात निम्मी भांडणं याच प्रश्नावर अडतात. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, एकामागून एक जोडत केलेली साखळी. सगळा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर असतो. आपल्याकडे असते ती आठवण.

कुठल्याही फाइलचा एक ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीने काढला तर ६४ अक्षरा-आकड्यांची ओळ मिळते. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो, आणि नुसत्या ठशावरून फाइलमध्ये काय होतं ते उलगडत नाही. हा ठसा बिटकॉइन या आभासी चलनाच्या ब्लॉकचेनमध्ये अडकवला की त्यावर तारीख बसते. साधारण दर दहा मिनिटांनी नवा ब्लॉक जोडला जातो, जुने ब्लॉक जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर असतात, त्यामुळे मागे जाऊन ती तारीख कुणाला बदलता येत नाही. हबच्या साहेबांना नाही, कंपनीला नाही, आपल्यालाही नाही.

यासाठी बिटकॉइन विकत घ्यावं लागत नाही. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची फुकट सेवा आहे. ती हजारो लोकांचे ठसे एकत्र करून त्यांचा एकच ठसा बनवते आणि तेवढाच साखळीवर चढवते, म्हणून खर्च आपल्यावर येत नाही. त्यांच्या साइटवर जाऊन फाइल निवडायची. ठसा तुमच्या ब्राउझरमध्येच निघतो, फाइल बाहेर जात नाही. लगेच एक छोटी ओटीएस फाइल डाउनलोड होते, ती म्हणजे आपली पावती. मात्र ती त्या क्षणी कच्ची असते. पक्की व्हायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशी तीच पावती आणि मूळ फाइल पुन्हा साइटवर टाकली की कुठल्या ब्लॉकमध्ये, कुठल्या तारखेला नोंद झाली ते दिसतं. पक्की झालेली पावती परत उतरवून घ्या आणि मूळ फाइलीशेजारीच ठेवा. दोन्हींपैकी एक हरवली की दुसरीचा उपयोग शून्य.

आता माझ्या हातून झालेली चूक ऐका, कारण ती तुमच्याही हातून होणार. पहिल्या आठवड्यात मी स्क्रीनशॉटचा ठसा नोंदवला आणि तो स्क्रीनशॉट जपून राहावा म्हणून बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला. नंतर माझा मोबाइल बिघडला, तिच्याकडून फोटो परत मागवला आणि पडताळला, तर ठसा जुळेना. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण फाइल दुसरी झालेली असते. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. गोल काढायचा तर कॉपीवर काढा.

रेट कार्ड झालं की रोजची वही. आम्ही अकरा जण आहोत. प्रत्येकाने रात्री मोबाइलच्या नोट्समध्ये एक ओळ लिहायची. माझी एका दिवसाची ओळ अशी होती:

"हबवरून घेतली ५२, दिली ४७, परत ५ (दार बंद ३, नको म्हणाले २), गाडी ३८ किमी, हबवर थांबले १ तास १० मि., सीओडी भरली ११,२४०, पावती आहे."

सीओडी म्हणजे गिऱ्हाइकाकडून दारात घेतलेली रोकड. थांबण्याचा वेळ लिहायला विसरू नका. सकाळी ट्रक उशिरा आला की तास-दीड तास आपण हबच्या बाहेर उभे असतो आणि तो कुठल्याच हिशोबात येत नाही. महिनाभर लिहिल्यावर माझा आकडा २६ तासांवर गेला. तो बघून मीच गप्प झाले. तसंच, परत आलेली पार्सलं हबवर देताना काउंटरवर मोजलेल्या ढिगाचा फोटो घ्या. 'लॉस्ट' दाखवून आपल्या पैशातून कापलेली पार्सलं बहुतेक वेळा इथेच हरवलेली असतात.

प्रत्येकाची ओळ ग्रुपवर येते. आमच्यातला सर्वांत धाकटा पोरगा अकरा ओळी एका फाइलमध्ये घेतो आणि फाइलच्या पहिल्या ओळीत कालच्या फाइलचा ठसा चिकटवतो. ही पहिली ओळ म्हणजे आमची साखळी. मधलाच एखादा दिवस काढला किंवा बदलला तर पुढचे सगळे ठसे तुटतात. ठसा काढायला मोबाइलवर साधी ॲप मिळतात, विंडोजच्या कॉम्प्युटरवर सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते. मग त्या फाइलवर ओपनटाइमस्टॅम्प्सची नोंद. सगळं मिळून दहा मिनिटं.

अकरा जणांनी मिळून का? एकट्याने केलं तर एक पळवाट राहते. मी आज ४७ची एक फाइल आणि ५१ची दुसरी फाइल, दोन्हींवर तारीख घेऊन ठेवू शकते आणि महिनाअखेरीला सोयीची दाखवू शकते. साखळी खोटं पकडत नाही. कागदावर जे लिहिलं ते त्या तारखेला लिहिलेलं होतं, एवढीच ती साक्ष देते. अकरा जणांसमोर रोज एकच फाइल बनते, त्यामुळे ही पळवाट बंद होते. आमच्यातल्या एकाने एकदा किलोमीटर वाढवून लिहिले होते. आम्ही ती ओळ खोडली नाही, दुसऱ्या दिवशीच्या फाइलमध्ये "कालची ओळ चुकीची, खरे किमी ३१" असं त्यालाच लिहायला लावलं. वही खरी नसेल तर ठशाला काय अर्थ?

गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर वहीत लिहायचाच नाही. साखळीवर फक्त ठसा जातो हे खरं, पण ज्या मजकुरात नुसता दहा आकडी नंबर आहे त्याचा ठसा कॉम्प्युटर सगळे नंबर एकामागून एक लावून ओळखू शकतो. पार्सलाचा नंबर लिहावाच लागला तर शेवटचे चार आकडे पुरेत, आणि फाइलच्या तळाशी रोज काहीतरी अगम्य टाका, वीस-पंचवीस अक्षरं, कीबोर्डवर हात फिरवल्यासारखी. मग कुणाला अंदाज बांधता येत नाही.

हे कोर्टात चालतं का, असं मला सगळे विचारतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायची जागाच आहे, आणि पद्धतींच्या यादीत एसएचए-२५६ आहे. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणजे रोज ठसा काढून ठेवणारा माणूस वकिलाकडे जातो तेव्हा त्याचं अर्धं काम झालेलं असतं. पण आमचं एकही प्रकरण तिथवर गेलेलं नाही. वही समोर ठेवली की हबवर बोलण्याचा सूरच बदलतो. 'हे ब्लॉकचेनचं काय खूळ' असं कुणी म्हणालं तर त्यांना गडचिरोलीतल्या एटापल्लीचं सांगा. २०२२मध्ये तिथे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर पडताळता येतील असे द्यायचं काम सरकारने हाती घेतलं. तत्त्व हेच, ठशाचं.

कुणी तुम्हाला टोकनमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या आभासी नाण्यांत, पगार देऊ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. अशी आभासी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर २०२२पासून ३० टक्के कर आहे, वर १ टक्का टीडीएसचा नियम. भाव पडला तर तोटा आपला. पैसे रुपयातच, बँकेतच.

'डिलिव्हरी झाली की करार आपोआप पैसे सोडेल' अशा स्मार्ट काँट्रॅक्टच्या योजनाही येतात. कल्पना मला आवडते. पण डिलिव्हरी झाली हे त्या कराराला कोण सांगणार? कंपनीचं ॲपच सांगणार असेल तर फिरून आपण तिथेच. त्यात ओटीपी चुकला, गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही, लिफ्ट बंद म्हणून सातवा मजला चढलो, यातलं काही येत नाही. आपली नोंद आणि त्यांची नोंद दोन्ही जुळल्या तरच पैसे सुटतील, नाहीतर माणसाने बघावं, असं लिहिलं असेल तरच त्याचा विचार करा.

कायदाही हळूहळू या दिशेने येतोय. राजस्थानच्या २०२३च्या गिग कामगारांच्या, म्हणजे आपल्यासारख्या ॲपवरून काम घेणाऱ्यांच्या, कायद्यात प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवणारी केंद्रीय यंत्रणा सांगितलेली आहे. देशाच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची आहे, आणि तिला कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्या पैशापर्यंत पोहोचायला आपण किती दिवस, किती काम केलं याचा पुरावा आज ना उद्या मागितला जाणारच. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर तीही या आठवड्यात उरका.

शेवटचं काम थोडं धीराचं. सकाळी रनशीट (त्या दिवशीच्या पार्सलांची यादी) हातात आली की तिचा फोटो घ्या आणि हबवरच्या साहेबांना, आदराने, आकड्याखाली सही मागा: "सर, ५२ घेतली, एवढं लिहून द्या." आमच्याकडे आता दोघं जण देतात. एक जण देत नाहीत. त्या दिवशी वहीत लिहायचं: "सही मागितली, दिली नाही, सकाळी ९:२०."