वल्ली कागदावर कशी उतरवावी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन जुलैत येतो. "ताई, एखादी खुसखुशीत वल्ली होऊन जाऊ द्या." वल्ल्यांना तोटा नाही हो. पण कागदावर आल्या की त्या मलूल पडतात.

आमच्या वाड्यात एक काका होते. रद्दीवाला यायच्या आधी ते घरच्या ताणकाट्यावर रद्दी तोलायचे आणि गठ्ठ्यातल्या वरच्या पेपरवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवायचे. रद्दीवाल्याच्या काट्यावर ५० ग्रॅम कमी भरली, की अर्धा तास हुज्जत. मग त्यालाच ओसरीवर बसवून चहा, बुडवायला दोन बटर.

पहिल्या खर्ड्यात मी चहा गाळला. उरला एक चिक्कू म्हातारा, पैशाला पासरी मिळतात तसला. काकांना पैसा नकोच होता, वजन बरोबर हवं होतं! तेव्हापासून मी चाळे वहीत टिपते आणि खाली एकच ओळ लिहिते: याच्या मते जग कसं चालायला हवं? ती ओळ सापडेपर्यंत कथेला हात लावू नका. आणि जे त्या चाळ्यांशी विसंगत वाटतं, ते आधी टिपा.

१९७० साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमाची मंडळी इंग्लंडात टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. मालक डोनाल्ड सिंक्लेअर. टेरी गिलियम अमेरिकन पद्धतीने काटा-सुरी धरतो, म्हणून त्याने भर जेवणात टोकलं. एरिक आयडलच्या बॅगेत टिकटिक ऐकू आली, तर बॉम्ब असेल म्हणून बॅग बाहेर नेऊन ठेवली. आत गजराचं घड्याळ! बाकीचे वैतागून दुसरीकडे गेले. जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला. १९७५ मध्ये त्यातून त्याच्या 'फॉल्टी टॉवर्स' या टीव्ही मालिकेतला तिरसट हॉटेलवाला बेसिल फॉल्टी उभा राहिला. त्याची ओळ मी अशी लिहीन: गिऱ्हाइकं नसती तर हॉटेल किती छान चाललं असतं. एवढं हाती आलं, की माणसाला मंगल कार्यालयाचा मॅनेजर करा, तरी तो चालेल.

अंगकाठी, धंदा, गाव बिनधास्त बदला. खरा सिंक्लेअर बुटका आणि बायको थोराड. क्लीजने जोडी उलटी केली. तरी सिंक्लेअरच्या पत्नीला ते चित्रण लागलंच. तेव्हा माणूस हयात असेल तर जरा जास्तच बदला. बोलण्याची लकब एखादीच ठेवा, दर वाक्याला आली की वाचक पान उलटतो.

मी स्वतः काय केलं? नाव बदललं, वाड्याची चाळ केली आणि ताणकाटा तसाच ठेवला. अंक आला त्या संध्याकाळी काकू दारात. "अगं, निदान काटा तरी बदलायचास!" मी खाली मान घालून उभी. मागून काका अंक घेऊन आले, समासात पेन्सिलीची खूण.

"साडेतीन किलो लिहिलंयस. तीन किलो चारशे होती."