पाकिटातली परीक्षा: सात-आठ पोरांचं अभ्यासमंडळ कसं चालवावं

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी सात ते दहा अकरावी-बारावीची सात-आठ पोरं-पोरी गणित आणि फिजिक्स करायला बसतात. फी घेत नाही आणि वर्गही भरवत नाही. पीएचडीसाठी मी अमेरिकेत पॅसाडिनाला कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) होते, तेव्हा पदवीच्या मुलांचे पेपर तपासायचं काम माझ्याकडं असायचं. तिथल्या दोन-चार रीती मी इथं आणून लावल्या आणि त्या रुजल्या. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत असं मंडळ सुरू करावंसं वाटणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मोठ्या ताई-दादांसाठी हे लिहिते आहे.

संख्या आठच्या वर जाऊ देऊ नका. कॅलटेक हे विद्यापीठच लहान आहे. पदवीची सगळी पोरं मिळून हजाराच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ज्युनियर कॉलेजपेक्षाही कमी. तिथं कोण कुठं अडकलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठ जणांत हे जमतं. पंधरा झाले की मागच्या ओळी तयार होतात.

सोमवारी पाच गणितं द्या. नियम एकच: बोला सगळ्यांशी, लिहा एकट्यानं. चर्चा कितीही करा, पण उत्तर लिहायला बसलात की दुसऱ्याची वही मिटलेली हवी, आणि वर कोपऱ्यात कोणाशी बोललात त्यांची नावं हवीत. तिथल्या बहुतेक विषयांत असंच चालायचं. आपल्या हुशार पोरांना हे फार जड जातं, कारण लहानपणापासून 'माझं मी केलं' याचंच कौतुक झालेलं असतं. मी स्वतः तिथं पहिले तीन आठवडे कोणालाही काही विचारलं नाही. रात्र रात्र एका गणिताशी झटत बसायचे. चौथ्या आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीनं आपणहून विचारलं, "दुसरं सुटलं का? माझं नाही सुटलं." त्या वाक्यानं मला वाचवलं. म्हणून पहिल्या रविवारी मीच एक न सुटलेलं गणित घेऊन बसते आणि पोरांना विचारते.

पहिले दोन महिने मार्क देऊ नका. कॅलटेकमध्ये पहिल्या दोन सत्रांत फक्त पास किंवा नापास असायचं. मी वहीवर 'जमलं' किंवा 'पुन्हा बघ' एवढंच लिहिते. दहावीत पंच्याण्णव टक्के घेतलेल्या पोराला पाचांतली दोनच गणितं सुटतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडं लक्ष ठेवा. सलग दोन रविवार कोणी आलं नाही, तर निरोप धाडू नका, स्वतः घरी जा.

गणितं घरातल्या वस्तूंची निवडा. आमचं आवडतं तेलाच्या रिकाम्या डब्याचं. पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, वरचं झाकण कापून टाका, तळाला ड्रिलनं ५ मिलिमीटरचं भोक पाडा. आमच्या डब्याचा तळ २३ बाय २३ सेंटीमीटर आहे. त्यात ३० सेंटीमीटर पाणी भरायचं आणि विचारायचं, रिकामा व्हायला किती वेळ लागेल? घाईनं सोडवणारा पाण्याचा सुरुवातीचा वेग काढतो, तोच शेवटपर्यंत धरतो आणि साडेपाच मिनिटं सांगतो. पण पाणी उतरतं तसा दाब कमी होतो, धार मंदावते. इंटिग्रेशन केलं की अकरा मिनिटं येतात, बरोब्बर दुप्पट. ही दुप्पट कुठून आली हे पोरांना स्वतः शोधू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. मग स्टॉपवॉच लावा. डबा रिकामा व्हायला अठराच्या आसपास मिनिटं लागतात!

इथं मंडळ खरं जिवंत होतं. कोणी म्हणतं भोक लहान पडलं, कोणी घर्षणाचं नाव घेतं. धारेजवळ डोळे नेऊन बघायला सांगा. भोकातून बाहेर पडल्याबरोबर धार आकसते, भोकापेक्षा बारीक होते, आणि पातळ पत्र्यातल्या भोकाला हिशोबाच्या सुमारे ६२ टक्केच पाणी बाहेर पडतं. अकराला ०.६२ नं भागलं की अठरा येतात. गेल्या वर्षी एका पोरीनं ही आकसलेली धार मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाखवली तेव्हा बाकीचे सगळे गुडघ्यांवर बसून बघत होते. डब्याखाली घमेलं ठेवायला विसरू नका. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात ते कुंड्यांनाच गेलं पाहिजे.

आता परीक्षा. कॅलटेकमध्ये बहुतेक परीक्षा खोलीवर नेऊन द्यायच्या, पर्यवेक्षक नाही. सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: इथल्या कोणीही इथल्या दुसऱ्या कोणाचा गैरफायदा घ्यायचा नाही. मी तपासलेल्या पेपरांत मधेच आडवी रेघ दिसायची, शेजारी लिहिलेलं, 'इथं वेळ संपली'. रेघेखाली पुढचं गणित पूर्ण सोडवलेलं असायचं, आपल्याला येतंय का ते बघायला. ही रेघ कोणीही तपासू शकत नव्हतं, तरी ती ओढली जायची.

तेच इथं करा. प्रश्नपत्रिका पाकिटात चिकटवून द्या. पाकिटावर लिहा: वेळ तीन तास, एका बैठकीत, पुस्तक चालेल की नाही, फोन कुठं ठेवायचा. पोरानं सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ टाकून सही करायची. घरच्यांशी आधी बोला, हे फार गरजेचं. आईला सांगावं लागतं की या तीन तासांत दूध आणायला पाठवू नका. एका पोरीच्या घरात खालीच टॉवेलचे माग आहेत, दिवसभर खटखट. माग बंद असतो त्या दिवशी तिनं पेपर सोडवला. पाकीट घरी नेण्याचा फायदाच हा की दिवस आपला आपण निवडता येतो.

कोणी नक्कल केली तर? एकदा दोन पेपरांत एकच विचित्र चूक दिसली. मी काही बोलले नाही, रविवारी फक्त विचारलं, "तिसरं कोणी फळ्यावर करून दाखवतंय का?" कोणी उठलं नाही. मंगळवारी संध्याकाळी एक पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. "ताई, सही माझी आहे, पण तिसरं गणित माझं नाही." तेवढंच गणित मी खोडलं आणि त्याला नवं पाकीट दिलं. हे कोणाला सांगायचं नाही. घरी तर मुळीच नाही.

एवढी मेहनत करणाऱ्यांना एक वेडा दिवसही हवा. कॅलटेकमध्ये वर्षातल्या एका दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं तास बुडवून आवाराबाहेर पळतात आणि धाकट्यांसाठी कोड्यांची साखळी रचून ठेवतात. तारीख आधी कळत नाही, अफवा मात्र महिनाभर. आमचा तो दिवस हुरड्याच्या हंगामात, डिसेंबरअखेर येतो. बारावीची पोरं मोहोळकडच्या एका शेतात कोडी लपवतात, अकरावीची शोधतात. एक कोडं ठरलेलं: एक मीटरची काठी उभी करा, सगळ्यांत आखूड सावली मोजा, सोलापूरचं अक्षांश काढा. सावली ८७ सेंटीमीटरच्या जवळपास भरते आणि ती बाराला नव्हे, साडेबाराच्या जरा अलीकडं पडते, कारण आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात आणि आपण ७६ च्या जवळ. हे विसरणारे पहिल्यांदा अक्षांश चुकवतात. शेवटची चिठ्ठी आगटीपाशी मिळते. तिथं हुरडा भाजलेला असतो, शेंगाचटणी असते. त्या दिवशी मार्कांचं नाव काढायचं नाही.

पाकिटं खाकीच घ्या, पांढऱ्यातून प्रश्न दिसतात. नवी पेठेत पन्नासाचा गठ्ठा मिळतो, एका मंडळाला तो वर्षभर पुरतो.