समांतर विश्वांवर वाद घालताना या चुका टाळा

रावेरकडच्या एका शेतात भरीत-पुरीची पार्टी होती. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी तडतडत होती आणि आमच्यातला एक जण काडीनं राख उकरत म्हणाला, "भाऊ, विश्व अनंत आहे ना? मग कुठंतरी मी कलेक्टर असणारच."

सगळ्यात जास्त होणारी चूक ती हीच. अनंत म्हणजे 'सगळं काही' नव्हे. सम संख्या अनंत आहेत, त्यात 3 शोधून दाखवा. केळीची ओळ कधीच न संपणारी लावली तरी तिला डाळिंब लागत नाही. दुसरीकडे कुठंतरी कलेक्टर व्हायचं, तर तशी शक्यता मुळात शून्याहून जास्त हवी आणि तो डाव पुन्हा पुन्हा नव्यानं मांडला जायला हवा. हे गृहीत धरताय ना, मग तसं आधी सांगा आणि पुढं भांडा.

दुसरी गफलत म्हणजे दोन वेगळ्या कल्पना एकाच पातेल्यात टाकणं. आपल्याला दिसू शकणारं विश्व सुमारे 93 अब्ज प्रकाशवर्षं रुंद आहे. त्यापलीकडे फार लांब आपली जुळी पृथ्वी असेल, ही एक कल्पना. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटनं 1957 साली मांडलेली वेगळीच: क्वांटम, म्हणजे अणू-कणांच्या पातळीवरच्या, घटनेच्या सगळ्या शक्यता घडतात, फक्त विश्वाचे फाटे वेगळे. तिला अवकाश अनंत असण्याची गरजच नाही. आणि तुम्ही शेवभाजीऐवजी भरीत मागवलं म्हणून फाटा फुटतो, असंही ती म्हणत नाही.

'सिद्ध झालंय' हा शब्द तर दोन्हींबाबत वापरूच नका. झालेलं नाही.

अनंताला एखादी मोठी संख्या समजून बेरजा मांडणारेही भेटतात. त्यांच्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, काढलेल्या मठाचा 1207 सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. भास्कराचार्य बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात: तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही, जसे जीव अच्युतात येतात-जातात आणि तो तसाच राहतो.

इथं चाळीसगावचा मित्र हमखास उठतो, "बघा, सगळं आपल्याकडं आधीच होतं!" सगळं नव्हतं. अनंतही लहानमोठे असतात, दशांशातल्या संख्या (न संपणारे दशांशही धरून) 1, 2, 3 अशा मोजसंख्यांपेक्षा जास्त भरतात, हे जर्मन गणितज्ञ गेऑर्ग कॅंटरनं 1874 मध्ये दाखवलं. मित्र पाच मिनिटं रुसला. मग भरीत आलं.