पगाराची बोलणी: आधी ब्रेकअप मागा

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसला होते. व्हेंडरच्या कोटेशनमधून पैसे कमी करून घेणं हेच दिवसभराचं काम. बोल्टमागे चाळीस पैसे सुटावेत म्हणून तासभर फोन धरणारी मी, तिथे लागताना मात्र एचआरला म्हणाले होते, "तुम्ही द्याल ते ठीक." चार महिन्यांनी प्रिंटरवर माझ्या हाताखालच्या मुलाची सॅलरी स्लिप राहिलेली दिसली. माझ्यापेक्षा नऊ हजार जास्त.

गेल्या ऑगस्टमध्ये रांजणगावहून ऑफर आली, तेव्हा ठरवलं की या वेळी व्हेंडर मी. मला दमवणारे व्हेंडर काय करतात, तेच करायचं.

फोनवर एचआर म्हणाला, "नऊ साठ." म्हणजे वर्षाला ९,६०,०००. आईने लगेच बाराने भागून "ऐंशी हजार!" म्हणून देवापुढे साखर ठेवली. मी फक्त पगाराची फोड, म्हणजे ब्रेकअप, मागितली: "ब्रेकअप मेल करा, बघून उद्या बोलते." आकडा ऐकल्या ऐकल्या हो किंवा नाही म्हणायचं नाही, एवढं पहिल्या फोनला पुरे.

ब्रेकअप आला, तो वहीत मांडला. ९६,००० व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं वर्ष बरं गेलं तर. बेसिक महिना ४०,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा बारा टक्के पीएफ ४,८००, वर्षाचे ५७,६००. हाही सीटीसीत, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या त्या नऊ साठमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला २३,०८८. ती हातात पडायला कायम नोकरीत सहसा पाच वर्षं काढावी लागतात. मेडिक्लेमचा हप्ता ९,३१२. हे सगळं वजा केल्यावर ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार, उरला महिना ६४,५००. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा ४,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ५९,५००. नव्या करप्रणालीत इन्कम टॅक्स बसत नव्हता, म्हणून निदान एवढे. चाकणला मला ५४,००० मिळत होते आणि बस फुकट होती; इथे बसचे १,८०० कापणार. चिंचवडहून रांजणगाव, त्यात वाघोलीची कोंडी, आणि फायदा महिना ३,७००. आईला वही दाखवली. ती काही बोलली नाही.

सध्याचा पगार विचारतात, तो फुगवून सांगू नका. तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागतातच. खरा आकडा सांगा आणि त्याच दमात अपेक्षाही सांगा, नाहीतर ते जुन्या पगारावर अमुक टक्के चढवून मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "काम आवडलंय, यायचं आहे. पण हातात साडेएकोणसाठच येतात. इम्पोर्टच्या दोन पार्टना लोकल सोर्स काढल्याचं मी इंटरव्ह्यूत दाखवलंय. दहा ऐंशी करा." आणि गप्प बसले. हेच सगळ्यात अवघड. "म्हणजे बघा जमलं तर" हे वाक्य जिभेवर आलं होतं. व्हेंडर असं म्हणाला, की मी तिथेच रेट पाडते. घराचा हप्ता, मुलीची फी यांतलं काही काढलं नाही. व्हेंडरच्या घरखर्चावर मी कधी रेट वाढवून दिलेला नाही.

"मॅडम, बजेटच नाही," तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणते, म्हणून घाबरले नाही. रेट अडला की हुशार व्हेंडर टर्म्सवर येतो. मी म्हटलं, व्हेरिएबल निम्मं करून बाकी फिक्समध्ये घाला. माझा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा, म्हणजे जॉइनिंग ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास. आणि तुमच्याकडे १ ऑक्टोबरनंतर आलेल्याला एप्रिलची वाढ नाही. मला ती हवी. हा नियम मी आधीच विचारून ठेवला होता; तुम्हीही विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. जॉइनिंग बोनस त्याने आपणहून पुढे केला. तो मी घेतला नाही, कारण वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा होता आणि पुढची वाढ त्यावर धरत नाहीत.

दोन दिवसांनी दहा वीसवर जमलं. व्हेरिएबल ५१,०००, हातात साधारण साडेसदुसष्ट हजार. एप्रिलच्या वाढीबद्दल "हो हो, होऊन जाईल" म्हणाला. पीओशिवाय, म्हणजे लेखी ऑर्डरशिवाय, माल कोण पाठवतं? सुधारित ऑफर लेटरमध्ये ती ओळ येईपर्यंत तीन दिवस राजीनामा ड्राफ्टमध्येच ठेवला.

बसचे अठराशे मात्र अजून कापतात. तिथे एचआर हलला नाही.