एचेव्हेरियाला पाणी देण्यापूर्वी

एचेव्हेरिया ही मुख्यतः मेक्सिकोतील डोंगराळ भागातली वनस्पती आहे. कमळासारख्या रचलेल्या तिच्या जाड पानांतच पाण्याचा साठा असल्यामुळे घरातल्या कुंडीत ती तहानेने क्वचितच मरते. बहुतेकदा ती आपण मायेने घातलेल्या जास्तीच्या पाण्यानेच सडते. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की कुंडीतली माती कित्येक दिवस वाळत नाही, म्हणून पाणी देण्यापूर्वी एक लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाहावी आणि ती पूर्ण कोरडी निघाली तरच, पानांच्या मध्यभागी पाणी साचणार नाही अशा बेताने, कडेने पाणी द्यावे. कुंडीच्या तळाला भोक हवेच. मातीत निम्मी तरी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा.

खालची पाने कागदासारखी सुकली तर काळजी नको, परंतु ती पिवळट, पारदर्शक आणि मऊ पडली तर पाणी लगेच थांबवावे.

पानांवरची पांढुरकी भुकटी धूळ समजून अनेक जण पुसतात, ते मात्र कृपया टाळावे, कारण ते पानाचे उन्हापासून रक्षण करणारे मेण असून एकदा पुसले गेले की त्या पानावर सहसा पूर्ववत येत नाही.

दांडा लांबून पाने विरळ होऊ लागली, तर प्रकाश अपुरा पडतो आहे असे समजून कुंडी हळूहळू अधिक उजेडाच्या खिडकीत न्यावी.